दुर्गा खोटे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जरा ऐसपैस उत्तरं

दुर्गा खोटे म्हणजे नेमक्या कोण? नाव ऐकलंय पण चेहरा डोळ्यासमोर येत नाही.

येतो, फक्त नाव जोडलेलं नसतं. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आठवते? 'बॉबी'मधली डिंपलची आजी, मिसेस ब्रॅगांझा? 'अभिमान'मधल्या मावशी, 'बावर्ची'तल्या मोठ्या सूनबाई? त्या सगळ्या दुर्गाबाईच. आपल्या पिढीने त्यांना पाहिलं ते पांढऱ्या केसांत, त्यामुळे घोळ असा झालाय की हिंदी सिनेमातली एक प्रेमळ आई नाहीतर आजी एवढ्यावरच लोक थांबतात. पण ही बाई 1932 साली नायिका होती, बोलपटाच्या अगदी पहिल्या वर्षांत, आणि तेव्हा तिने केलेल्या भूमिका बघितल्या तर ती प्रेमळ आजी बाजूला ठेवावी लागते. तलवार हातात घेतलेली, जहाजावर उभी, समोरच्या माणसाला नजरेने गप्प करणारी बाई होती ती.

जन्म 14 जानेवारी 1905, मुंबई. निधन 22 सप्टेंबर 1991, तेही मुंबईतच. माहेरचं आडनाव लाड, मूळ गोव्याकडचं घराणं. गिरगावात कांदेवाडीला मोठ्या एकत्र कुटुंबात वाढल्या, वडील सॉलिसिटर, शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्समध्ये.

एवढ्या चांगल्या घरातल्या होत्या तर सिनेमात आल्याच कशाला?

पैशासाठी. हे सरळ सांगायला लोक का कचरतात कळत नाही. लग्न झालं ते खोट्यांच्या श्रीमंत घरात, नवरा विश्वनाथ खोटे, दोन मुलं, बकुळ आणि हरीन, आणि मग सासरी पैशाची जी पडझड झाली तिने सगळं चित्र बदललं. पुढे तरुण वयातच वैधव्यही आलं. पदरात दोन मुलं आणि हातात इंग्रजी शिक्षण, पण त्या काळी त्या शिक्षणावर एखाद्या बाईला असं किती कमावता येणार होतं, शिकवण्या नाहीतर शाळेत मास्तरीण. सिनेमात त्याहून जास्त पैसे होते.

त्यांच्यावर लिहिणारे "कलेच्या ओढीने चित्रपटसृष्टीत पदार्पण केले" असं छापून मोकळे होतात. पण मला तरी घर चालवायला नोकरी म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली बाई जास्त मोठी वाटते, कारण तिला मागे फिरायची सोयच नव्हती.

पहिला सिनेमा कोणता? कुणी 'अयोध्येचा राजा' म्हणतं, कुणी दुसरंच काहीतरी.

पहिला 'फरेबी जाल', 1931, मोहन भवनानींचा. छोटंसं काम होतं आणि सिनेमा सुमार. गिरगावातल्या त्या सभ्य मंडळींनी जी काय बोंबाबोंब केली असेल तिची कल्पना करा. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपली असती.

पण त्याच सुमार सिनेमातलं त्यांचं काम बघून व्ही. शांतारामांनी त्यांना तारामतीसाठी बोलावलं. म्हणून लोक 'अयोध्येचा राजा'लाच पहिला धरतात, आणि मनापासून सांगायचं तर त्यात फार काही चूक नाही.

'अयोध्येचा राजा'चं एवढं काय कौतुक?

एक तर तो पहिला मराठी बोलपट. 1932, प्रभात फिल्म कंपनी, तेव्हा कोल्हापूरला होती. दिग्दर्शन शांतारामांचं, हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच, आणि बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक अशी सगळी मंडळी. दुसरं म्हणजे 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रिंट आज कुठेच नाही, ती कायमची गेली, त्यामुळे बघायला मिळणाऱ्या सगळ्यात जुन्या भारतीय बोलपटांत याचंच नाव घेतात. म्हणजे भारतीय सिनेमातल्या बाईचा बोलतानाचा आवाज शोधत मागे मागे गेलात की शेवटी दुर्गाबाईंपाशी येऊन थांबता.

आणि सिनेमा एकदा नाही, दोनदा काढायचा, मराठी आणि हिंदी. सेट तोच, कपडे तेच, पण प्रसंग एका भाषेत झाला की पुन्हा दुसऱ्या भाषेत. डबिंगबिबिंग नाही. गाणंसुद्धा तिथल्या तिथे, कारण पार्श्वगायन आपल्याकडे आलं 1935 मध्ये, तोवर ज्याचं तोंड त्याचाच गळा. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जमेल तिथे बसायचे, माइक एकच, मग अभिनय करायचा, सूर सांभाळायचा आणि मान जास्त वळवायची नाही कारण माइकपासून तोंड लांब गेलं की आवाज पडतो. आज त्यांचं ते गाणं ऐकताना आवाज जरा कच्चा वाटतो, ताणलेला वाटतो, पण हे सगळं सांभाळत बाई उभ्याउभ्या गातायत हे लक्षात ठेवून ऐकलं की कानाला वेगळंच लागतं.

एक मजेची गोष्ट. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांना तारामती करायला बाईच मिळाली नव्हती, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली. त्याच साळुंक्यांनी पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले! आणि 19 वर्षांनी तीच तारामती करायला झेवियर्सला शिकलेली बाई.

म्हणजे सिनेमात येणारी पहिली स्त्री त्याच ना?

नाही, अजिबात नाही, आणि हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य एकदाचं थांबवा. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासूर'मध्ये, 1913 मध्येच, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (नंतरच्या कमलाबाई गोखले) या दोघी होत्या. नावात दुर्गाबाई आहे म्हणून लोक दोघींची सरमिसळ करतात. मूकपटांच्या काळात तर कितीतरी नट्या होत्या, रुबी मायर्स म्हणजे सुलोचना त्यातली सगळ्यात मोठी स्टार.

मग दुसरं वाक्य येतं, "सिनेमात आलेली पहिली घरंदाज, सुशिक्षित स्त्री". हे निदान खऱ्याच्या जवळ आहे, पण मला त्याचाही त्रास होतो. एक तर "पहिली" सिद्ध करणं कठीण, दुसरं म्हणजे ते वाक्य दुर्गाबाईंचं कौतुक करता करता त्यांच्या आधीच्या सगळ्या बायकांना एका फटक्यात खाली ढकलतं. कमलाबाई गोखल्यांनी लहान वयापासून फिरत्या नाटक मंडळीत आयुष्य काढलं, ते काय कमी होतं का? फरक पडला तो समाजाच्या डोळ्याला. गिरगावातल्या सॉलिसिटरची मुलगी पडद्यावर दिसते म्हटल्यावर बाकीच्या घरांतला विरोध थोडा सैल झाला, पुढे लीला चिटणीस, शोभना समर्थ, वनमाला अशा शिकलेल्या मुलींना रस्ता थोडा सोपा गेला. एवढंच म्हणावं आणि ते पुरेसं आहे.

नायिका म्हणून सगळ्यात भारी काम कोणतं?

माझं मत विचाराल तर 'अमरज्योती', 1936. तोवर प्रभात पुण्याला आली होती. दुर्गाबाई यात सौदामिनी, समुद्रावरची चाचेगिरी करणारी बाई. सौदामिनीला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला जातो, कारण त्या राज्याचा कायदा बाईला नवऱ्याची मालमत्ता समजतो, मग ती त्या राज्याविरुद्धच उभी राहते, जहाजं लुटते, आणि तो न्याय नाकारणारा मंत्री दुर्जय (चंद्रमोहन, ते डोळे!) हाती लागतो तेव्हा त्याचा पाय तोडायला लावते. 1936 मध्ये! आणि सिनेमा तिला नुसती खलनायिका करून सोडत नाही, तिची बाजू मांडतो. शेवटी शेवटी थोडं भाषण होतं, तेवढं सहन करा. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता.

त्याच्या आधीचा 'मायामच्छिंद्र' (1932) पण बघा. स्त्रीराज्याची राणी, शेजारी पाळलेला चित्ता. तारामतीसारखी सोशिक पतिव्रता करून झाल्यावर त्याच वर्षी पुरुषांना हुकूम सोडणारी राणी. लोकांनी दोन्ही मान्य केलं, यातच काय ते आलं.

आणि 1943 चा 'पृथ्वीवल्लभ', सोहराब मोदींचा, मुन्शींच्या कादंबरीवरचा. मोदी म्हणजे मुंज, या म्हणजे मृणालवती. सोहराब मोदींच्या त्या खर्जातल्या आवाजासमोर भले भले झाकोळून जायचे, दुर्गाबाई मात्र वाक्याला वाक्य देतात, आवाज न चढवता.

त्या फक्त प्रभातच्याच होत्या का?

नव्हत्या, आणि या प्रश्नासाठीच खरं तर मी हे पान लिहायला घेतलं.

तेव्हाची पद्धत अशी की नट असो वा नटी, स्टुडिओत महिन्याच्या पगारावर नोकरी. करार झाला की दुसरीकडे काम बंद. स्टुडिओ सांगेल तो सिनेमा, सांगेल ती भूमिका. दुर्गाबाई या बांधिलकीतून फार लवकर बाहेर पडल्या. कोल्हापूरहून थेट कलकत्त्याला, न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' (1933), मग देबकी बोस यांचाच 'सीता' (1934) ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी, तोही व्हेनिसला गेला. मग परत प्रभातमध्ये 'अमरज्योती'. मग मुंबईत प्रकाश पिक्चर्स, मिनर्व्हा, अत्रे पिक्चर्स. आज याला आपण फ्रीलान्सिंग म्हणतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण त्या वेळी दर महिन्याचा पगार सोडून चित्रपटागणिक करार करायचा, तेही घरात दोन मुलं असताना, रेल्वेने दोन दोन दिवस प्रवास करून परक्या शहरात महिनोन्महिने राहायचं, हा धंद्याचा हिशेब असलेल्या बाईचाच निर्णय होता. 1937 मध्ये तर स्वतः निर्मितीत उतरल्या, 'साथी' काढला, मराठीत 'सवंगडी'.

म्हणून मला वाटतं की त्यांची गोष्ट सांगताना "घरंदाज" वगैरे ठीक आहे पण मुद्दा हा आहे की स्वतःच्या कामाची किंमत आणि अटी त्या स्वतः ठरवत होत्या. नट्या हे पुढे करू लागल्या, पण स्टुडिओंचा अंमल जोरात असताना हे करणाऱ्या थोड्याच.

नायिका सोडून इतक्या लवकर आईच्या भूमिका का करायला लागल्या?

कारण भूमिका चांगल्या होत्या, असं मला तरी वाटतं. 1941 चा 'पायाची दासी' घ्या, आचार्य अत्र्यांचा. त्यात सून वनमाला आणि छळवादी सासू दुर्गाबाई. वय तेव्हा 36! हिंदीत तो 'चरणों की दासी'. या कामासाठी त्यांना बंगाली फिल्म जर्नालिस्टांच्या संघटनेचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, आणि पुढच्याच वर्षी विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मधल्या कैकेयीसाठी पुन्हा तेच बक्षीस. नीट बघा, सासू आणि कैकेयी. दोन्ही बायका ज्यांचा प्रेक्षकांनी राग राग करायचा, आणि बक्षीस नायिकेऐवजी त्यांना.

तरुण दिसण्याच्या हट्टापायी कितीतरी नट्यांची करिअर पस्तिशीत संपली, या बाईंनी वयाच्या आधीच पुढचं दार उघडून ठेवलं आणि त्यातून अजून चाळीस वर्षं काम केलं.

'मुघल-ए-आझम'बद्दल काहीतरी सांगा ना.

सगळे मधुबालाबद्दल बोलतात, साहजिक आहे. पण एकदा फक्त जोधाबाईसाठी सिनेमा बघा. बाप आणि मुलाची लढाई ठरलेली, अकबर निघायच्या तयारीत, आणि जोधाबाईला निवडायचंय, कुंकू की मुलगा. प्रसंग असा की कुणीही छाती पिटून घेतली असती. दुर्गाबाई काय करतात, तर तलवारीकडे जातात. पावलं जड आहेत, चेहऱ्यावर सगळं चाललंय, पण पाठ ताठ, कारण ती आई असली तरी राजपूत राणी आहे आणि हे तिला अशा वेळीसुद्धा विसरता येत नाही. समोर पृथ्वीराज कपूर पहाडासारखा आवाज लावून उभे आहेत आणि तरी आपली नजर हिच्या हातांवर असते.

आता या जोडीचा इतिहास बघा. 'राजरानी मीरा'मध्ये दोघं, 'सीता'मध्ये तर राम आणि सीता, आणि 1960 मध्ये अकबर-जोधा. पुढे पृथ्वीराजांचा मुलगा शशी कपूर, त्याच्या आईची भूमिका 'द हाउसहोल्डर'मध्ये (1963, मर्चंट-आयव्हरींचा पहिला कथापट) दुर्गाबाईंनी केली. आणि नातू ऋषी कपूर 'बॉबी'मध्ये ज्या आजीच्या घराची बेल वाजवतो आणि पिठाचे हात केसांना लावत डिंपल दार उघडते, ते घर परत दुर्गाबाईंचं! कपूरांच्या तीन पिढ्या झाल्या, समोर बाई तीच.

नाटकांत काम केलं होतं का?

हो, आणि हा भाग फार कमी लोकांना माहितीये. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी बरंच काम केलं. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई, आणि शिरवाडकरांनी मॅकबेथवरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये लेडी मॅकबेथच्या जागची बाई. समोर नानासाहेब फाटक. सिनेमात नाव झाल्यावर रंगभूमीवर येणं तसं धोक्याचं, कारण तिथे क्लोजअप नाही, रीटेक नाही, आणि शेवटच्या रांगेतला तिकीट काढून आलेला गिरगावकर खोकून नापसंती कळवतो. रेकॉर्डिंग बघायला मिळत नाही याची हळहळ वाटते. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पुरस्कार कोणकोणते?

वर आले ते सोडून: 1968 ला पद्मश्री. 'बिदाई'साठी (1974) फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा, तेव्हा वय सत्तरीला आलेलं. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार, त्यांच्या आधी तो मिळालेल्या नट्या तीनच, देविका राणी, सुलोचना (रुबी मायर्स) आणि कानन देवी. 2013 ला भारतीय सिनेमाची शंभरी झाली तेव्हा पोस्टाने तिकिटं काढली, त्यात त्यांचंही आहे.

'वागळे की दुनिया'शी त्यांचा काय संबंध? कुणीतरी म्हणालं आणि विश्वासच बसला नाही.

बसू द्या. 1988 ला दूरदर्शनवर आलेली ती मालिका, आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरची, कुंदन शाहांनी केलेली, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. त्यांच्या कंपनीने आधी वर्षानुवर्षं जाहिराती, माहितीपट, शॉर्ट फिल्म असलं काम केलं होतं. म्हणजे हरिश्चंद्राच्या तारामतीपासून ते वागळेंच्या मध्यमवर्गीय ब्लॉकपर्यंत एकाच बाईचा हात.

शुभा खोटे, विजू खोटे त्यांची मुलं का?

नाही. ती दिरांची मुलं, नंदू खोट्यांची. म्हणजे "कितने आदमी थे"वाला कालिया दुर्गाबाईंचा पुतण्या. आणि नाटकवाल्यांसाठी अजून एक नातं, विजया मेहता त्यांच्या सूनबाई. हरीन खोट्यांशी बाईंचं पहिलं लग्न, हरीन फार लवकर गेले.

आत्मचरित्र आहे ना? वाचण्यासारखं आहे का?

'मी दुर्गा खोटे'. शांता गोखल्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतरही केलंय, 2006 ला आलं, म्हणजे परदेशात वाढलेल्या ज्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला होतं त्यांना ते द्या. वाचाच. आपल्याकडे नटनट्यांची आत्मचरित्रं म्हणजे बऱ्याचदा सत्कार समारंभाची यादी असते, हे तसं नाही. पैशाची ओढाताण, घरातलं दुखणं, कामावरची वागणूक, यावर बाई सरळ लिहितात.

सिनेमे आता बघायचे कुठे?

'मुघल-ए-आझम', 'बॉबी', 'आनंद' (रेणूची आई), 'अभिमान', 'बावर्ची', 'अनुपमा' हे कुठेही मिळतील. प्रभातचे जुने सिनेमे यूट्यूबवर सापडतात, प्रिंट कधी बरी कधी वाईट, आवाज खरखरतो, हेडफोन लावून बघा, फोनच्या स्पीकरवर अर्धे संवाद कळणार नाहीत. पुण्यात असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, मोठ्या पडद्यावर 'अमरज्योती' लागला तर सोडू नका. आणि लॉ कॉलेज रोडला गेलाच आहात तर एफटीआयआय, ती फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजेच जुना प्रभात स्टुडिओ, सौदामिनीचं शूटिंग याच आवारातलं.

एकच सिनेमा बघायचा असेल तर?

'अमरज्योती'. दोन बघायचे असतील तर त्याच्या दुसऱ्या दिवशी 'बॉबी'.